"वॉज रिन्स्ड अँड ड्राइड कम्प्लीटली": यातलं 'कम्प्लीटली' नेमकं कुणाचं?

लॉगबुकवाली

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, आणि तोही इंग्रजी व्याकरणाचा. हसू नका.

मी वाळूजला एका औषध कंपनीत क्यूएमध्ये, म्हणजे गुणवत्ता हमी विभागात आहे. माझ्या हातून गोळ्या बनत नाहीत, कागद बनतात. एसओपी (काम कसं करायचं त्याची लेखी पद्धत) लिहा, बॅच रेकॉर्ड तपासा, डेव्हिएशन (ठरल्यापेक्षा वेगळं काही घडणं) आलं की त्याची चित्तरकथा इंग्रजीत मांडा. अकरा वर्षं झाली. शाळा दहावीपर्यंत मराठी माध्यमाची, भोकरदनकडची. पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे "रामा किल्ड रावणा, रावणा वॉज किल्ड बाय रामा" एवढ्या शिदोरीवर पास झालेली मी. नोकरीत मात्र बघावं तिकडे पॅसिव्हच. कुणी केलं ते सहीच्या रकान्यात, वाक्यात फक्त काय झालं ते.

गेल्या महिन्यात एका परदेशी गिऱ्हाइकाचा ऑडिटर आला होता. क्लीनिंग रेकॉर्ड चाळता चाळता एका ओळीवर थांबला. ओळ माझीच, २०१९ पासून चालत आलेली:

"द व्हेसल वॉज रिन्स्ड अँड ड्राइड कम्प्लीटली."

शांतपणे विचारलं, यातलं कम्प्लीटली कुणाला लागू? मी म्हटलं, दोन्हीला. आणि त्याच श्वासात शेजारून आमचे प्रॉडक्शनचे साहेब म्हणाले, फक्त ड्राइडला. ऑडिटरने आधी माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे, मग वहीत लिहायला घेतलं. बराच वेळ लिहीत होता. ज्यांना ऑडिटचा अनुभव आहे त्यांना ते पेनाचं चालणं कसं ऐकू येतं ते माहीत असेल.

ऑब्झर्व्हेशन, म्हणजे लेखी आक्षेप, आलंच. आता सात एसओपी उपसून अशी सगळी वाक्यं दुरुस्त करायची आहेत. 'अँड'ने जोडलेले दोन पॅसिव्ह असले की क्रियाविशेषण कुठे ठेवायचं? दुसऱ्यांदा 'वॉज' लिहिलं तर काही फरक पडतो की नुसती शाई जाते? शिवाय आमच्याकडे एक नवा मुलगा आहे, कॉन्व्हेंटचा. तो लिहितो, "द व्हेसल वॉज रिन्स्ड अँड द फिल्टर्स ड्राइड." मला ते वाचताना फिल्टर आपापले उन्हात जाऊन बसल्यासारखे वाटतात. तो म्हणतो, मॅडम, करेक्ट आहे. आहे का?

टवाळ कार्टं

मराठीत लिहा की. "भांडं विसळून पूर्ण वाळवलं." आहे का कुणाची शंका? विषय संपला. चहा घ्या.

लॉगबुकवाली

@टवाळ: शंका आहे. तुमच्या वाक्यात 'पूर्ण' फक्त वाळवण्याला लागलं. म्हणजे तुम्ही आमच्या साहेबांच्या बाजूचे.

गडहिंग्लजचा मास्तर

टवाळांनी चेष्टा केली खरी, पण उत्तराची वाट तिथूनच जाते.

मी एकतीस वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवलं. निवृत्त होऊनही बोटाला खडू लागल्यासारखं वाटतं, त्यामुळे प्रतिसाद लांबणार आहे. आधीच माफी मागतो.

"विसळून पूर्ण वाळवलं" आणि "पूर्ण विसळून वाळवलं" ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. मराठीत क्रियाविशेषण क्रियापदाच्या पुढ्यात बसतं आणि पाठोपाठ येईल त्या क्रियापदाला धरतं. 'विसळून'च्या नंतर आलं की ते वाळवण्याचं. आपल्याला हे कुणी शिकवत नाही, आईच्या बोलण्यातून येतं. शिवाय आपल्याकडे काही क्रियाविशेषणं लिंग-वचनाप्रमाणे बदलतात. "बाटली चांगली धुऊन डबा वाळत घातला" म्हटलं की 'चांगली' बाटलीच्या धुण्याची, हे तिच्या 'ली'वरूनच कळतं. डब्याचं असतं तर 'चांगला' झालं असतं. क्रियापदाचंही तेच. "रमेशने पेटी उघडली आणि रजिस्टरात नोंदवली" यात 'नोंदवली' पेटीकडे बोट दाखवतं. रमेशची नोंद झाली असं कुणी समजत नाही.

इंग्रजीकडे हे प्रत्यय नाहीत. कम्प्लीटली सगळ्यांशी एकाच तोंडाने बोलतं. मग कुणाचं कोण हे ठरवायला तिच्याकडे एकच गोष्ट उरते: जागा. आपली मुलं मराठीच्या भरवशावर जागेकडे दुर्लक्ष करतात आणि तिथे फसतात. "द ऑपरेटर ओपन्ड द व्हॉल्व्ह अँड वॉज रेकॉर्डेड इन द लॉगबुक" असं कुणी लिहिलंय का तुमच्याकडे? असणार. त्यात लॉगबुकात ऑपरेटरच चढला, व्हॉल्व्ह नाही. कारण दुसऱ्या 'वॉज'ला कर्ता हवा म्हणून इंग्रजी वाचक मागे जातो आणि वाक्याच्या पहिल्या कर्त्यालाच पकडतो.

आता तुमची ओळ. मी वर्गात 'वॉज'ला खुंटी म्हणायचो. "वॉज रिन्स्ड अँड ड्राइड" म्हणजे एका खुंटीला दोन पिशव्या. क्रियाविशेषण खुंटी आणि पिशव्यांच्या मध्ये घातलंत, "वॉज कम्प्लीटली रिन्स्ड अँड ड्राइड", की ते साधारणपणे दोन्ही पिशव्यांवर पसरतं. साधारणपणे म्हणतोय, कारण हट्टी वाचक पहिल्या पिशवीपाशी थांबू शकतो. त्याला थांबवायचंच असेल तर दुसरी खुंटी ठोका: "वॉज कम्प्लीटली रिन्स्ड अँड वॉज ड्राइड." आता कम्प्लीटली पलीकडे जात नाही. म्हणजे दुसऱ्या 'वॉज'ची शाई फुकट नाही, ती भिंत आहे.

"वॉज रिन्स्ड अँड कम्प्लीटली ड्राइड" लिहिलंत तर वाद नाही, ते वाळवण्याचंच. "वॉज रिन्स्ड कम्प्लीटली अँड ड्राइड", विसळण्याचंच. सगळ्यात निसरडी जागा म्हणजे वाक्याचं शेपूट, आणि तुमचं कम्प्लीटली नेमकं तिथे बसलंय. शेपटातलं क्रियाविशेषण जवळच्याला धरतं की सगळ्यांना कवेत घेतं, हे त्याच्या जातीवर जातं. 'यस्टर्डे' शेवटी आलं तर विसळणं, वाळवणं दोन्ही कालच झालं असं सगळे धरतात. काळ सगळ्यांचा सामाईक. पण कसं केलं, किती केलं हे सांगणारं क्रियाविशेषण शेवटी आलं की वाचक दोन गटांत फुटतात. तुमच्याकडे फुटले. तुम्ही दोघंही व्याकरणाने चूक नाही, हीच खरी अडचण. दोन्हीला हवंच असेल तर दोनदा लिहा. कानाला बोचेल, पण तुम्हाला वाङ्मय लिहायचं नाहीये.

शेपटाचा एक किस्सा. सुट्टीच्या अर्जात एका पोराने लिहिलं होतं, "माय ग्रँडमदर फेल डाउन अँड वॉज टेकन टू हॉस्पिटल सडनली." जोड अगदी बरोबर: आधी कर्तरी, मग कर्मणी, आजी दोन्हीकडे तीच. मराठीत मनात 'अचानक' पहिलं आलं होतं, इंग्रजीत उतरवताना ते मागे सरकून शेवटी पडलं. 'क्रियाविशेषण क्रियापदानंतर' असं आम्हीच घोकून घेतलेलं ना. झालं काय, तर आजी सावकाश पडली आणि दवाखान्यात मात्र अचानक नेली. मी लाल शाईने बाण काढून 'सडनली' उचलून 'डाउन'च्या लगेच नंतर नेऊन ठेवलं. पोरगं म्हणालं, सर, पण आजी बरी आहे आता. अर्ज मंजूर.

सहायक क्रियापदं दोन-तीन असली तर? "हॅज ऑफन बीन केअरफुली चेक्ड." 'ऑफन', 'नेव्हर', 'ऑलवेज' ही पहिल्या सहायकानंतर, 'केअरफुली'सारखी मुख्य क्रियापदाला खेटून. एवढं पाठ असू द्या, जोडवाक्यातही तेच चालतं.

'नॉट'ला जपा. "वॉज नॉट रिन्स्ड अँड ड्राइड" म्हणजे दोन्ही नाही, की दोन्हीपैकी एक राहिलं? दोन्ही नाकारायचं असेल तर 'अँड' काढून 'ऑर' घाला. आणि टवाळ, मराठीही इथे सुटत नाही हो. "भांडं विसळून वाळवलं नाही." विसळलं होतं का?

आता कॉन्व्हेंटच्या पोराचं वाक्य. फिल्टर्स अनेकवचनी, त्यांना हवा 'वर' (were), मागे आहे 'वॉज'. तो गाळून लिहिणं रोजच्या इंग्रजीत खपतं. काटेकोर संपादक कुरकुरतो, कारण जे शब्द मागे नाहीतच ते पुढे उसने कसे घ्यायचे? पण माझा आक्षेप तो नाही. तुमच्या कानाने बरोबर पकडलंय: आपल्याकडे वाळणं वेगळं आणि वाळवणं वेगळं. इंग्रजीत दोन्हीला 'ड्राय'. म्हणून 'वर' काढलं की "द फिल्टर्स ड्राइड" हे सरळ कर्तरी वाक्य होऊन बसतं: फिल्टर वाळले. कुणी वाळवले नाहीत. तिथे 'चेक्ड' असतं तर हा घोळ नव्हता, फिल्टर स्वतःला तपासत नाहीत. 'कूल्ड', 'ड्रेन्ड', 'ओपन्ड', 'मेल्टेड' ही सगळी ड्रायच्याच गोत्रातली. यांच्यासमोर सहायक कधीही गाळू नये असं माझं मत.

अवांतर: मराठीत 'उघडणे' मात्र दोन्हीकडे चालतं. "दार उघडलं." वाऱ्याने की माणसाने?

टवाळ कार्टं

मास्तर, दंडवत. आजीला नमस्कार.

दुभाषी

मी जिल्हा न्यायालयातल्या कागदांचे अनुवाद करतो, मराठीतून इंग्रजीत. तुमच्याकडे एका शब्दाने ऑब्झर्व्हेशन येतं, आमच्याकडे कलम बदलतं.

फिर्यादीत ओळ असते, "मला जाणूनबुजून अडवून मारहाण केली." मास्तरांच्या हिशेबाने जाणूनबुजून अडवण्याचं. पण मारहाण काय चुकून झाली? मी "वॉज इंटेन्शनली स्टॉप्ड अँड बीटन" लिहितो तेव्हा एक शब्द दोन क्रियापदांवर पसरतो, आणि समोरचा वकील विचारू शकतो की मूळ मराठीत ते दोन्हीकडे आहे का. म्हणून आता मी मूळ शब्द ज्या क्रियापदाशी आहे तिथेच ठेवतो आणि दुसऱ्या क्रियापदाला स्वतंत्र 'वॉज' देतो. मास्तरांची भिंत. मला तिचं नाव आज कळलं.

एक भर घालतो. काही क्रियाविशेषणं क्रियापदाशी लग्न लागल्यासारखी असतात. "वॉज राँगफुली रिस्ट्रेन्ड अँड असॉल्टेड" यात राँगफुली फक्त रिस्ट्रेन्डचं, कारण 'राँगफुल रिस्ट्रेन्ट' हे कायद्यातल्या गुन्ह्याचं नावच आहे. तिथे जागेपेक्षा जोडी बोलते.

आणि चारशेवीस. १८६० च्या दंडसंहितेचं कलम ४२०, जे आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये गेलंय. त्यात आधी "चीट्स", मग "अँड देअरबाय डिसऑनेस्टली इंड्यूसेस". डिसऑनेस्टली 'अँड'च्या अलीकडे नाही, पलीकडे आहे. मोह घालून माल काढून घेण्याला ते चिकटतं. त्या शब्दाची संहितेत वेगळी व्याख्या आहे, गैरलाभ किंवा गैरहानीचा हेतू. तो शब्द एक घर डावीकडे सरकवला तर अर्थही सरकला.

अमेरिकेत तर असा एक शब्द थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. २००९, फ्लोरेस-फिगेरोआ खटला. खोट्या ओळखपत्रावर पोलाद कारखान्यात काम करणारा एक मेक्सिकन कामगार. कायद्यात होतं, "नोइंगली ट्रान्सफर्स, पझेसेस, ऑर यूझेस", आणि पुढे दुसऱ्या व्यक्तीचं ओळखसाधन. नोइंगली तिन्ही क्रियापदांवर पसरतं याबद्दल भांडण नव्हतंच. भांडण असं की ते उजवीकडे कुठवर जातं: तो क्रमांक खरोखरच्या दुसऱ्या माणसाचा आहे हे आरोपीला माहीत असायला हवं की नको? माहीत असायला हवं असा निकाल लागला. सिद्ध झालं असतं तर जादाची दोन वर्षं सक्तीची होती. एका क्रियाविशेषणाच्या पल्ल्यावर माणसाची दोन वर्षं.

लॉगबुकवाली

सर, दुभाषी, मनापासून आभार. प्रिंट काढून क्यूएच्या फळ्यावर लावलंय (टवाळांचा चहा वगळून).

आमच्या धंद्यातलं मूळ वाक्यही आज नव्या नजरेने वाचलं. औषध उत्पादनाच्या अमेरिकी नियमावलीत, भाग २११ मध्ये, उपकरणांच्या सफाईचं कलम ६७ आहे: "इक्विपमेंट अँड युटेन्सिल्स शॅल बी क्लीन्ड, मेन्टेन्ड, अँड, ॲज अप्रोप्रिएट फॉर द नेचर ऑफ द ड्रग, सॅनिटाइज्ड अँड/ऑर स्टेरिलाइज्ड ॲट अप्रोप्रिएट इंटरव्हल्स". एक 'शॅल बी', म्हणजे एकच खुंटी, आणि तिला चार पिशव्या. "ॲज अप्रोप्रिएट" वालं बिऱ्हाड 'अँड'च्या पलीकडे दोन स्वल्पविरामांत कोंडलंय. म्हणून औषधाच्या प्रकारानुसार सूट मिळाली तर ती निर्जंतुकीकरणाला, धुण्याला नाही. आणि शेवटचं "योग्य अंतराने" मात्र चारही कामांचं, कारण ते काळाचं. सरांच्या 'यस्टर्डे'चा भाऊ. अकरा वर्षं हे वाक्य पाठ आहे, स्वल्पविराम आज दिसले.

आता गंमत ऐका. दुरुस्ती करण्याआधी प्रॉडक्शनच्या साहेबांसोबत बसले. म्हटलं, कम्प्लीटली रिन्स म्हणजे तुमच्या मते काय? म्हणाले, तसं काही नसतं, रिन्स तीन वेळा होतो. तीन वेळा! ऑपरेटर मंडळी वर्षानुवर्षं तीनदा विसळतात आणि कागदावर तीन हा आकडाच नाही. म्हणजे मी म्हणत होते ते कागदावर नव्हतं आणि साहेब म्हणत होते तेही नव्हतं. आम्ही भांडत होतो एका अशा शब्दावरून, जो मोजताच येत नाही. तो काढूनच टाकला. नवं वाक्य:

"द व्हेसल वॉज रिन्स्ड थ्री टाइम्स विथ प्युरिफाइड वॉटर अँड ड्राइड अंटिल नो मॉइश्चर वॉज व्हिजिबल."

चालेल?

गडहिंग्लजचा मास्तर

शब्द काढलात हे उत्तम. 'थ्री टाइम्स' रिन्स्डला खेटून बसलंय, तेही उत्तम, तीनदा वाळवायची भीती नाही. एकच खडा. "प्युरिफाइड वॉटर अँड ड्राइड" इथे वाचक क्षणभर अडखळतो. 'वॉटर अँड' वाचलं की त्याला वाटतं पाण्याबरोबर अजून काही आहे: पाणी आणि साबण, पाणी आणि अल्कोहोल. 'ड्राइड'पाशी येऊन तो मागे फिरतो. मध्ये इतका मजकूर आला की पहिली खुंटी लांब पडते. दुसरी ठोका: "अँड वॉज ड्राइड". एका शब्दाचा खर्च आहे.

लॉगबुकवाली

ठोकली. :)

सातपैकी दोन एसओपी झाल्या. शुक्रवारपर्यंत उत्तर पाठवायचंय. तिसरीत हे सापडलं: "होजेस शुड बी ड्रेन्ड अँड हंग व्हर्टिकली." नळ्या रिकाम्या करा आणि उभ्या टांगा. इथे तरी व्हर्टिकली फक्त टांगण्याचं ना सर? अर्थच तसा आहे.

गडहिंग्लजचा मास्तर

अर्थावर विसंबताय, पण आधी सांगा, तुमच्याकडे नळी निथळवतात कशी? आडवी ठेवून की उभी धरून?

लॉगबुकवाली

...उभी धरून बहुतेक. थांबा. सेकंड शिफ्ट सुरू झालीये, खाली जाऊन बघून येते.